राज्यपालांच्या सह्या : मलबार हिलवरच्या आणि आमच्या जंगलातल्या

भगतसिंह कोश्यारी हे नाव काढलं की महाराष्ट्रातल्या माणसाला दोन-तीन गोष्टी लगेच आठवतात. २३ नोव्हेंबर २०१९ ची ती पहाट. बारा आमदारांची अडकलेली यादी. शिवाजी महाराज आणि सावित्रीबाईंबद्दलची वक्तव्यं. टीव्हीवाल्यांनी जवळपास साडेतीन वर्षं यावरच काढली, आणि खोटं कशाला बोला, आम्ही पेपरवाल्यांनीही तेच केलं. पण चंद्रपूर-गडचिरोलीत बसून हाच कार्यकाळ बघितला तर हिशेब जरा वेगळा निघतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तरच वाचा.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म १७ जून १९४२, कुमाऊंच्या डोंगरात, आताच्या बागेश्वर जिल्ह्यात. अल्मोड्याला इंग्रजीत एम.ए. मग मास्तरकी, संघाचं काम, पिथौरागडला शाळा काढणं. आणीबाणीत अल्मोडा आणि फतेहगडच्या तुरुंगात. १९७५ मध्येच त्यांनी पिथौरागडहून 'पर्वत पीयूष' नावाचं साप्ताहिक सुरू केलं होतं. आडगावातून साप्ताहिक काढणं म्हणजे काय असतं हे आमच्यासारख्यांना विचारा. अंक निघतो तेव्हा कागदवाल्याची उधारी असते आणि उधारी फिटते तेव्हा अंक निघत नाही. त्यामुळे या एका गोष्टीसाठी मला त्यांच्याबद्दल थोडी आपुलकी आहे, ती लपवत नाही.

१९९७ ला ते उत्तर प्रदेशच्या विधान परिषदेत गेले. २००० साली उत्तरांचल वेगळं झालं तेव्हा मंत्री, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये मुख्यमंत्री. पण खुर्ची चारच महिने टिकली, २००२ च्या निवडणुकीत भाजप हरला. मग विरोधी पक्षनेते, मग राज्यसभा. राज्यसभेच्या याचिका समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी माजी सैनिकांच्या 'वन रँक वन पेन्शन'चा विषय लावून धरला, ते काम चांगलं होतं. २०१४ ला नैनितालमधून लोकसभा. २०१९ ला तिकीट नाही, आणि ५ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून शपथ. काळी टोपी, धोतर, हिंदी बोलणं. राजभवनात असा माणूस बऱ्याच दिवसांनी आला होता.

आता एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण अमेरिकेच्या बातम्या वाचून पोरांचा गोंधळ होतो. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री. फ्लोरिडाचे रॉन डिसँटिस घ्या. कट्टर उजव्या विचारांचे, डिस्ने कंपनीशी भांडले, निवडून आलेल्या सरकारी वकिलाला निलंबित केलं, विद्यापीठांच्या मंडळांवर आपली माणसं बसवली. पटो न पटो, पण ते २०१८ ला अर्ध्या टक्क्याहून कमी फरकानं निवडून आले आणि २०२२ ला लोकांनी त्यांना जवळपास १९ टक्क्यांच्या फरकानं परत निवडून दिलं. वाद झाला, तो मतपेटीत गेला, निकाल लागला. आपल्याकडच्या राज्यपालाला कोणी निवडून देत नाही, म्हणून कोणी पाडूही शकत नाही. दिल्लीची मर्जी आहे तोवर तो आहे.

गंमत म्हणजे आपल्या घटनाकारांनीही आधी निवडून आलेला राज्यपालच ठरवला होता. १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या समितीनं तशी शिफारस केली होती. पण फाळणी झाली, दंगली झाल्या, संस्थानं विलीन करायची होती, आणि मे १९४९ मध्ये घटना समितीनं मत बदललं. निवडून आलेला मुख्यमंत्री आणि निवडून आलेला राज्यपाल एकमेकांशी भांडतील, प्रांत फुटीरपणाकडे जातील, अशी भीती होती. नेहरूही नेमणुकीच्या बाजूचे. कल्पना अशी होती की राज्याच्या राजकारणाबाहेरचा, सगळ्यांना चालेल असा वडीलधारा माणूस बसवायचा. पुढं काय झालं ते सत्तर वर्षं बघतोच आहोत. काँग्रेसनं दिल्लीतून राज्यपाल वापरले, जनता पक्षानं वापरले, भाजपनं वापरले. यात कोणी सोवळं नाही.

आता आपल्या भागाचं.

इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात चांदा जिल्ह्यातल्या काही जमीनदाऱ्या 'अंशतः वगळलेलं क्षेत्र' म्हणून वेगळ्या काढल्या होत्या. अहेरी, धानोरा, मुरूमगाव, रांगी, खुटगाव, पोटेगाव, झाडापापडा ही त्यातली नावं. इथं नागपूरच्या विधिमंडळाचे कायदे आपोआप लागू होणार नाहीत, गव्हर्नर ठरवेल तसे होतील. गोऱ्या साहेबाला आदिवासींचा कळवळा होता असं समजायचं कारण नाही. त्यांना जंगलाचं लाकूड आणि शांतता हवी होती. पण व्यवस्था तशी झाली खरी. स्वातंत्र्यानंतर तीच घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आली, जमीनदाऱ्यांची तीच नावं घेऊन. नंतर निजामाच्या आदिलाबादमधून आलेल्या राजुऱ्याकडचीही काही गावं त्यात आली. १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, १९८५ ला अनुसूचित क्षेत्राचा नवा आदेश निघाला, आणि आजचा नकाशा तयार झाला.

पाचवी अनुसूची काय म्हणते? राज्यपाल नुसत्या अधिसूचनेनं सांगू शकतात की संसदेचा किंवा विधिमंडळाचा अमुक कायदा या क्षेत्रात लागू होणार नाही, किंवा अमुक बदल करून लागू होईल. विचार करा. दिल्लीत साडेपाचशे खासदारांनी केलेला कायदा एका अधिसूचनेनं एटापल्लीपुरता बदलता येतो. शिवाय या क्षेत्राच्या कारभाराचा वार्षिक अहवाल त्यांनी राष्ट्रपतींना पाठवायचा असतो. हे अहवाल वेळेवर जात नाहीत ही देशभरातली जुनी तक्रार आहे.

५ सप्टेंबर १९४९ ला घटना समितीत या अनुसूचीवर चर्चा झाली. आधीच्या मसुद्यात आदिवासी सल्लागार परिषदेनं सांगितलं तर राज्यपालांना ते करावंच लागेल अशी तरतूद होती. सुधारित मसुद्यात परिषद फक्त सल्ला देणारी राहिली. छोटानागपूरचे जयपालसिंग मुंडा यावर तळमळून बोलले, पण उपयोग झाला नाही. बरोबर सत्तर वर्षांनी, त्याच तारखेला कोश्यारींनी शपथ घेतली. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. पण पाचव्या अनुसूचीची चावी त्या दिवशी त्यांच्याकडे आली एवढं खरं.

ही चावी त्यांच्या आधीच्यांनी कशी वापरली तेही सांगितलं पाहिजे. बराच काळ कोणी वापरलीच नाही. १९९६ चा पेसा कायदा आला, महाराष्ट्राचे पेसा नियम यायला मार्च २०१४ उजाडला. के. शंकरनारायणन राज्यपाल असताना राजभवनात आदिवासी कक्ष सुरू झाला आणि फायली हलायला लागल्या. २०१४ सालीच अधिसूचनेनं बांबू आणि तेंदू हे गौण वनोपज म्हणून ग्रामसभेच्या मालकीत धरले गेले. ज्यांनी तेंदूच्या हंगामात ठेकेदारांची मनमानी बघितली आहे त्यांना याचं मोल सांगायला नको. मेंढा-लेखानं २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवून आणि २०११ ला बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक स्वतःच्या हातात घेऊन जो रस्ता दाखवला, तो या अधिसूचनेनं पेसातल्या इतर गावांसाठी थोडा रुंद झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये आणखी एक अधिसूचना निघाली आणि तिनं आमचा जिल्हा पेटवला. अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेवक अशी पदं फक्त स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची. हेतू सरळ होता. माडिया बोलणाऱ्या गावात माडिया येणारा मास्तर हवा, पावसाळ्यात बदली करून पळून न जाणारा हवा. पण गडचिरोलीत आदिवासी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ टक्क्यांच्या वर, म्हणजे निम्म्याहून कमी. ओबीसींचं जिल्हा पातळीवरचं आरक्षण आधीच १९ वरून ६ टक्क्यांवर आलेलं. कुणबी, तेली, माळी घरातली डी.एड. झालेली पोरं रस्त्यावर आली. मोर्चे निघाले, बंद झाले. दोन्हीकडची पोरं गरीब होती. एकाच गावातली, एकाच बाकावर बसून शिकलेली. त्या काळात मोर्चाचं वार्तांकन करताना दोन्ही बाजूंकडून शिव्या खाल्ल्या. एकाला वाटायचं मी आदिवासीविरोधी, दुसऱ्याला वाटायचं मी विकला गेलो.

नंतर सी. विद्यासागर राव आले. करीमनगरचे, म्हणजे सिरोंच्याच्या पलीकडचे, मध्ये फक्त गोदावरी. कालेश्वर तेव्हा त्यांच्याच जुन्या जिल्ह्यात होतं. त्यांनी पेसा गावांना पाच टक्के अबंध निधी थेट देण्याचा विषय मार्गी लावला, हे मोठं काम. आणि २०१९ च्या ऑगस्टअखेर, जाता जाता, नोकरभरतीची अधिसूचना सुधारली. ज्या गावात आदिवासी निम्म्याहून जास्त तिथं शंभर टक्के, पंचवीस ते पन्नास टक्के असतील तिथं निम्मी पदं, त्याहून कमी तिथं पाव. आठवड्याभरात कोश्यारी आले. म्हणजे या वादाचं गाठोडं त्यांच्या दारात ठेवूनच आधीचे गेले.

बरं, कोश्यारींनी काय केलं? ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला. युती तुटली, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. या काळात राज्यपाल हेच सरकार होते आणि त्यांनी अवकाळीग्रस्तांना खरिपासाठी हेक्टरी ८,००० आणि फळबागांसाठी १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले. आमच्या धानवाल्यांना ८,००० म्हणजे रोवणीची मजुरीही धड नाही, पण निवडून आलेले पक्ष हॉटेलात असताना निदान कोणीतरी सही केली. मग २३ नोव्हेंबर. पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी. सर्वोच्च न्यायालयानं २६ तारखेला बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि ते सरकार त्याच दिवशी संपलं. २८ ला उद्धव ठाकरे. या घाईचं समर्थन मला आजही करता येत नाही. राज्यपालाची खुर्ची वडीलधाऱ्याची आहे असं घटना समितीत सांगितलं गेलं होतं, आणि घरातला वडीलधारा पहाटे गुपचूप लग्न लावून देत नसतो.

पुढच्या एप्रिलमध्ये करोना. ठाकरे कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते, सहा महिन्यांची मुदत मे अखेर संपणार होती. मंत्रिमंडळानं ९ एप्रिलला त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करण्याची शिफारस केली. राज्यपाल गप्प. शेवटी निवडणूक आयोगानं विधान परिषदेची निवडणूक घेतली, ठाकरे बिनविरोध आले आणि १८ मे २०२० ला त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. सगळे कॅमेरे तिकडं.

त्याच १८ मे च्या तारखेची एक अधिसूचना आहे. तिच्यावर कोणाचं लक्ष गेलं नाही. वनहक्क कायद्यात दाव्याचा प्रवास असा आहे : ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. जिल्हा समितीनं नाही म्हटलं की विषय संपला, तिचा निर्णय अंतिम. पुढं फक्त हायकोर्ट. भामरागडच्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या दोन एकरांसाठी नागपूरला वकील लावायचा? साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, एसटीचा दिवसभराचा प्रवास, आणि वकिलाची फी त्या जमिनीच्या दोन वर्षांच्या पिकाएवढी. कोश्यारींनी पाचव्या अनुसूचीचा अधिकार वापरून कायद्यात बदल केला आणि अनुसूचित क्षेत्रातल्या दावेदारांना विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करण्याचा रस्ता काढून दिला. जायचं नागपूरलाच, हे खरं. पण वकील लागत नाही. दावा फेटाळल्याचं कारण विचारता येतं. ज्यांचे दावे 'पुरावा अपुरा' अशा दोन शब्दांत परत आले होते त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

सप्टेंबर २०२० मध्ये दुसरी अधिसूचना. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली गावाच्या सोयींसाठी, म्हणजे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांसाठी थोडी वनजमीन देता येते. त्यात घरबांधणी बसवली. आपल्याकडे कितीतरी टोले असे आहेत की गावठाण संपलं, चारही बाजूंनी वनविभागाचे खांब, आणि तिसऱ्या पोराचं लग्न झालं की झोपडी कुठं घालायची हा प्रश्न. घरकुल मंजूर होतं, जागा नसते. त्या कोंडीत ही सही उपयोगाची होती.

हे दोन निर्णय मुंबईच्या पेपरात आतल्या पानावर चौकटीत आले. महिनाभरानं १२ ऑक्टोबरला राज्यपालांनी मंदिरं उघडण्यावरून मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, त्यात धर्मनिरपेक्ष झालात की काय असा टोमणा होता. मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिलं की मला तुमच्या प्रमाणपत्राची गरज नाही. झालं. आठवडाभर देशभर तेच. शरद पवारांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, अमित शहांनीही शब्द जरा जपून वापरायला हवे होते असं सांगितलं. घटनेची शपथ घेतलेला माणूस घटनेच्या प्रास्ताविकेतला शब्द टोमण्यासारखा वापरतो, यात नुकसान त्या खुर्चीचंच झालं. आणि वनहक्काची सही त्या गदारोळाखाली गाडली गेली.

आता येतो बारा जणांच्या यादीवर. ही गोष्ट मुंबईची वाटते पण आपल्याशी तिचा दोन ठिकाणी थेट संबंध आहे.

६ नोव्हेंबर २०२० ला महाविकास आघाडीनं विधान परिषदेवर नेमायच्या बारा जणांची यादी राजभवनात दिली. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतली माणसं तिथं असावीत अशी घटनेची अपेक्षा. बहुतेक नावं राजकीय होती हे मान्य, कोणतंही सरकार वेगळं काही करत नाही. पण वर्तमानपत्रांतून जी यादी आली तिच्यात काँग्रेसकडून अनिरुद्ध वनकर यांचं नाव होतं. आपल्या चंद्रपूरचा गायक, झाडीपट्टी रंगभूमीवरचा लेखक-कलावंत. दिवाळी ते होळी वडसा, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडं रात्र-रात्र नाटकं चालतात, हजारोंनी लोक तिकीट काढून बघतात, आणि पुण्या-मुंबईच्या नाट्यवाल्यांना ती रंगभूमी आहे हेच माहीत नसतं. त्या मंडपातला माणूस कलावंत म्हणून वरच्या सभागृहात जाणार होता. कला या निकषात बसणारं यादीतलं ते अगदी खरं नाव.

राज्यपालांनी यादी मंजूरही केली नाही, नामंजूरही केली नाही. नुसती ठेवून दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, पण वाजवी वेळेत निर्णय घेणं त्यांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने म्हणजे वाजवी वेळ नव्हे. तरी काही नाही. नाही म्हणायचा अधिकार त्यांना होता की नाही यावर वकील भांडोत. पण गप्प बसायचा अधिकार कोणत्या कलमात आहे हे मला कोणीच दाखवलेलं नाही.

दुसरा संबंध जास्त गंभीर. घटनेच्या ३७१(२) कलमानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं. १९५३ च्या नागपूर करारापासूनची ही मागणी. कलम १९५६ ला आलं, दांडेकर समितीचा अनुशेषाचा अहवाल १९८४ ला, आणि मंडळं प्रत्यक्षात १ मे १९९४ ला, पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना. निधीचं समन्यायी वाटप ही राज्यपालांची खास जबाबदारी, आणि अलेक्झांडर यांच्या काळातच तसे निर्देश द्यायला सुरुवात झाली. मंडळानं फार दिवे लावले असं मी म्हणणार नाही. नागपुरात कार्यालय, अहवाल, बैठका, चहा. पण सिंचनाचा, रस्त्याचा, नोकऱ्यांचा पैसा कुठं गेला हे आकड्यांत मांडणारी ती एक जागा होती आणि तिचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवावा लागायचा. आमच्यासारख्यांना बातमी मिळायची ती तिथूनच.

३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. सरकारनं मुदतवाढ दिली नाही. मार्च २०२१ च्या अधिवेशनात विषय निघाला तेव्हा अजित पवारांनी सभागृहात सांगून टाकलं की राज्यपाल ज्या दिवशी बारा नावं जाहीर करतील त्या दिवशी आम्ही मंडळं जाहीर करू. म्हणजे मलबार हिलच्या भांडणात विदर्भ-मराठवाडा तारण. फडणवीसांनी त्यावर रान उठवलं, ते बरोबरच होतं. मात्र त्यांच्या पक्षानं हीच तक्रार यादी दाबून बसलेल्या राजभवनाकडेही न्यायला हवी होती, ती नेली नाही. आणि ज्यांच्यावर कलम ३७१(२) ची खास जबाबदारी, ते राज्यपाल बाराच्या यादीवर बसून होते. यात दोष कोणाचा किती हे मोजायला तराजू नको. दोघांनी मिळून आपली मान पिरगाळली. सप्टेंबर २०२२ मध्ये शिंदे सरकारनं मंडळांच्या पुनर्गठनाचा ठराव मंत्रिमंडळात घेतला. अडीच वर्षं हातातून गेलेली होती.

विद्यापीठाचंही तसंच. गोंडवाना विद्यापीठ २०११ ला गडचिरोलीत सुरू झालं, राज्यपाल कुलपती. डिसेंबर २०२१ मध्ये आघाडीनं कुलगुरू निवडीतले राज्यपालांचे अधिकार कमी करून मंत्र्याला प्र-कुलपती करणारं विधेयक मंजूर केलं. राजभवनातून संमती आली नाही, पुढं शिंदे सरकारनं ते मागंच घेतलं. इथं मात्र माझा कौल राज्यपालांच्या बाजूनं पडतो. मंत्र्याच्या हातात विद्यापीठ देऊन काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

बाकीच्या वादांवरून भरभर जातो, सगळ्यांना पाठ आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये देहरादूनला निघालेल्या राज्यपालांना सरकारी विमानातून उतरावं लागलं, हा पोरकटपणा सरकारचा. नाना पटोलेंनी अध्यक्षपद सोडल्यावर विधानसभेला दीड वर्ष अध्यक्ष मिळू दिला नाही आणि शिंदे आल्यावर चार दिवसांत निवडणूक लागली, हा दुजाभाव राजभवनाचा. जून २०२२ ची बहुमत चाचणी : ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की ती बोलवायला राज्यपालांकडे ठोस आधार नव्हता. पण ठाकरेंनी आधीच राजीनामा दिल्यामुळे सरकार परत आणता येत नाही. निकाल लागला तेव्हा कोश्यारी डोंगरात परतले होते.

आणि वक्तव्यं. समर्थ रामदासांशिवाय शिवाजी महाराजांना कोण विचारेल अशा अर्थाचं औरंगाबादचं भाषण. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या बालविवाहावर हसत केलेली टिप्पणी. गुजराती-राजस्थानी गेले तर मुंबईत पैसा उरणार नाही, हे जुलै २०२२ चं. त्याची माफी मागितली. मग १९ नोव्हेंबरला महाराज जुन्या काळातले आदर्श झाले. पुतळ्याच्या, फोटोच्या, नावाच्या प्रश्नावर महाराष्ट्र किती हळवा आहे हे तीन वर्षांत कळलं नसेल तर तो भाषेचा प्रश्न नव्हता. डिसेंबरात मुंबईत मोर्चा निघाला, जानेवारीत त्यांनी पंतप्रधानांना जायची इच्छा कळवली, १२ फेब्रुवारी २०२३ ला राजीनामा मंजूर.

या मोर्चांत सुरजागडचा विषय कुठं होता? २०२१ पासून एटापल्लीच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक आलापल्ली-आष्टी रस्त्यानं दिवसरात्र चाललेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्खनन वाढवण्याची जनसुनावणी झाली ती एटापल्लीला नाही, गडचिरोलीला. ग्रामसभांचे ठराव विरोधात होते. पाचव्या अनुसूचीचा अधिकार वापरायचा तर याहून योग्य जागा कोणती? त्या काळात राजभवन मुंबईच्या पैशाबद्दल बोलत होतं आणि विरोधक राजभवनाबद्दल. राज्यपालांच्या विरोधात इतकं बोललं गेलं, पण 'तुम्ही पाचव्या अनुसूचीचं काम का करत नाही' असं कोणत्याही मोठ्या नेत्यानं विचारल्याचं माझ्या कात्रणांच्या फायलीत सापडत नाही.

नोकरभरतीचं गाठोडं तसंच राहिलं. सर्वोच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२० ला आंध्र प्रदेशातली शिक्षकांची शंभर टक्के आदिवासी भरती राज्यपालांच्या अधिसूचनेसकट रद्द केली, त्याचा धक्का इथंही बसला. पेसातली पदं न्यायालयीन वादात अडकली, निवड झालेली पोरं नियुक्तिपत्राची वाट बघत राहिली. शेवटी ४ ऑक्टोबर २०२४ ला नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उडी घेतली. हेच झिरवाळ, जे २०२२ मध्ये अध्यक्षाची खुर्ची रिकामी असल्यामुळे उपाध्यक्ष म्हणून शिंदे गटाला अपात्रतेच्या नोटिसा काढत होते. उडीनंतर सरकारनं पोरांना कायम नेमणुकीऐवजी तात्पुरती मानधनावर घ्यायचं ठरवलं.

त्याच महिन्यात, १५ तारखेला, विधान परिषदेच्या त्या बारांपैकी सात जागा भरल्या गेल्या. तोवर राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन होते, यादी महायुतीची होती आणि आचारसंहिता लागायला काही तास उरले होते. सात जणांत चंद्रपूर-गडचिरोलीतलं कोणी नाही, आणि झाडीपट्टीतलंही नाही.